फ्रान्सला जाऊन आलेले साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंना आयुष्यात एकही गोष्ट मागावी लागली नाही, आणि जे जे मी देवाकडे मागितलं ते ते त्यांच्या पत्त्यावर गेलं. केस टिकावेत म्हणून लग्नाआधीपासून मी डोक्याला माक्याचं तेल थापत आलो. केस त्यांचे टिकले. आपला गळा बरा असावा असं मला फार वाटायचं. भजनात लोक त्यांना पुढे बसवतात आणि माझ्या हातात टाळ देतात. सासऱ्यांना दोन मुली. त्यातली पुरणपोळी करणारी त्यांच्याकडे गेली, आणि या वयात पुरणपोळी सोसत नाही हे सांगणारी माझ्याकडे आली. तेही मी गिळलं. भावाशी भांडता येतं, मेव्हण्यावर रुसता येतं, साडूकडे मात्र नुसतं बघत बसावं लागतं, कारण दोघांना एकाच सासुरवाडीत एकाच फुटपट्टीने मोजलेलं असतं. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ उठला आणि फ्रान्सला जाऊन सायकल चालवून आला, तेव्हा माझा धीर सुटला. कारण दिग्रसमध्ये सायकलचं दुकान माझं आहे. विक्री, दुरुस्ती आणि भाड्याने, तिन्ही. साडूभाऊंना उतरलेली चेनसुद्धा चढवता येत नाही.

नोकरी त्यांची कापसाच्या जिनिंगमध्ये. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या की गंजीतून चिमूटभर कापूस उचलायचा, सरकी सोडवायची, रुई दोन हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की बोटांना दुसरं काही सुचेनासं झालं. पाहुणा घरी आला की त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरल्याशिवाय ते पाणी विचारत नसत. दारव्ह्याच्या एका लग्नात वरबाप पाय धुवायला उभे होते, तर यांनी त्यांच्या नव्या धोतराचा काठ हळूच ताणला आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मिसळ हाय." माणसांचीही ते अशीच प्रत लावत. कोणी लांब धाग्याचा, कोणी आखूड धाग्याचा. आखूड धाग्याच्या माणसाशी व्यवहार करू नये, तो मधेच तुटतो, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा सहज, म्हणजे अगदी सहज नव्हे, माझा धागा कोणता म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "मध्यम." त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पोट दुखतं म्हणालो, आणि ते खरंच दुखत होतं.

त्यांच्या सायकल चालवण्याला चालवणं म्हणणं म्हणजे त्या सायकलीचा अपमान होता. इतकी सावकाश चालणारी सायकल पडत कशी नाही, हे धंद्यातला माणूस असून मला कधी कळलं नाही. समोरून ओळखीचा आला की ते उतरत. अनोळखी आला की ओळख करून घ्यायला उतरत. चढ आला की सायकलला त्रास नको म्हणून उतरत, आणि उतार आला की आपल्याला त्रास नको म्हणून. जिनिंग घरापासून हाकेच्या अंतरावर, पण हे पोचेपर्यंत पहिल्या गाड्या खाली व्हायच्या. मालकाने एकदा मोटारसायकल घ्या म्हणून सुचवलं, तर म्हणाले, "मंग रस्त्यानं बोलन कोण?" मालकाने हसून चहा सांगितला. मी त्याच्या नोकरीत असतो आणि असं काही बोललो असतो, तर त्याने मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं असतं.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. दिवाळीला पांढरं सोनं म्हणायचं आणि संक्रांतीला त्याच सोन्यावर बसून रडायचं. भाव पडला की कुठल्या ना कुठल्या चौफुलीवर लोक रस्त्यात बसत. रास्ता रोको म्हणजे आमच्याकडे सणवारासारखं झालं होतं. इकडे दिग्रसच्या नाक्यावर सतरंज्या पडायच्या, तिकडे दारव्ह्याच्या अलीकडे बैलगाड्या आडव्या लागायच्या आणि मधला सगळा रस्ता रिकामा. ट्रक नाही, एसटी नाही, काळीपिवळी नाही. सायकलवाल्याला तेवढं सोडत, पण त्याचीही रीत होती. बसलेल्या लोकांमधून सायकलवर बसून जायचं नाही. खाली उतरायचं, एका हाताने हँडल धरायचं, दुसरा हात कपाळाला लावायचा आणि "भाव भेटला काय?" असं विचारत हळूहळू पुढे सरकायचं. बसलेले म्हणायचे, "कायचा भाव, बसा जरा." मग घटकाभर त्यांच्यात टेकायचं, पाणी प्यायचं आणि निघायचं. जो न उतरता जाईल त्याच्या चाकाची हवा जायची. ती भरायला तो माझ्या दुकानात यायचा, त्यामुळे मी या रीतीच्या विरुद्ध कधी बोललो नाही.

याच वर्षांत बाहेरदेशीची माणसं आमच्याकडे फार येऊ लागली. कोणी कॅमेरे आणायचे, कोणी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून मान हलवायचे. त्यात एक फ्रान्सचं म्हातारं जोडपं आलं. त्यांच्या गावात हातमागवाल्या लोकांची कसलीशी मंडळी होती आणि आपला कापूस पिकतो कुठे ते यांना डोळ्यांनी बघायचं होतं. बाईंच्या नावात मारी होतं. पुढचं नाव नाकातून काढावं लागे, म्हणून साडूभाऊंनी त्यांना मारीबाई केलं. नागपूरहून एक दुभाष्या आणि एक जीप घेऊन ही मंडळी निघाली आणि नेमकी रास्ता रोकोत अडकली. साडूभाऊ रीतीप्रमाणे सायकल हातात धरून भाव विचारत चालले होते. जीपमध्ये दोन गोरी माणसं उन्हाने टोमॅटो झालेली दिसली. दुसरा कोणी असता तर त्याने पाणी देऊन पुण्य घेतलं असतं. हे त्या दोघांना घेऊन थेट माझ्या दुकानात.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण माझं म्हणणं इथेच आहे. त्या दोघांना ज्या सायकली दिल्या त्या माझ्या. सीट मी खालीवर केली. हवा मी भरली. मारीबाईंच्या मिस्टरांच्या सायकलचा मागचा ब्रेक घासत होता, तो मी जमिनीवर उताणा झोपून नीट केला, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर थापसुद्धा मारली. एवढ्या उन्हात कोण जातं म्हणून मी मागे राहिलो. साडूभाऊ त्यांना घेऊन दारव्ह्याच्या त्या रिकाम्या रस्त्याला लागले आणि दिवस कलल्यावर परत आले. मारीबाईंचा चेहरा खुलला होता. दुभाष्याने सांगितलं, त्यांच्या देशात जुन्या कालव्यांच्या काठाने असे रस्ते आहेत, तिथे वाहनाला बंदी असते. ही दोघं दर उन्हाळ्यात तिथे सायकल चालवतात. हिंदुस्थानात असा रस्ता सापडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. हा रस्ता नेहमीच वाहनांना बंद असतो का, असं बाईंनी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "नाई जी. भाव पडला का होते असं." दुभाष्याने याचं काय केलं कोण जाणे, पण बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्या उन्हाळ्यात त्या दुभाष्यामार्फत जिनिंगच्या फोनवर आमंत्रण आलं. तिकिटासकट. साडूभाऊंना. ब्रेक कोणी नीट केला होता, हे फ्रान्समध्ये कोणाला आठवलं नाही.

गेले. जाताना जवसाची चटणी घेऊन गेले आणि तिथल्या लांबोळक्या पावात भरून त्यांनी ती अर्ध्या फ्रान्सला खाऊ घातली. परत आले ते नुसतं फ्रान्स होऊन आले. माझ्या दुकानातला बाक हे त्यांचं व्यासपीठ झालं. त्या वर्षी सायकली खपत नव्हत्या, ज्याच्या हातात चार पैसे येत तो हप्त्यावर फटफटी घेई. पण बाकावर जागा मिळायची नाही. लोक पंक्चर नसताना यायचे. मी मागे बसून टायर घासत सगळं ऐकायचो आणि मनात एकच इच्छा धरायचो, की देवा, एकदा तरी असं काही कर की हा माणूस माझ्याकडे बघून म्हणेल, साडूभाऊ, नशीब तुमचं.

पहिल्या दिवशीची गोष्ट ते हमखास सांगत. कालव्याच्या काठाने दोन्हीकडून झाडांची कमान, खाली गुळगुळीत वाट आणि लांबवर एक वाहन नाही. हे बघून यांना शंका आली. आपल्याकडे रस्ता असा रिकामा कधी दिसतो? तेवढ्यात पुढे वीसेक माणसं काठावर सतरंज्या टाकून बसलेली. साडूभाऊ चटकन उतरले. एका हातात हँडल, दुसरा हात कपाळाला, आणि शुद्ध वऱ्हाडीत "भाव भेटला काय?" ती बिचारी सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन जेवायला बसलेली माणसं. त्यांना एवढंच कळलं की कोणी परका गृहस्थ फार अदबीने काहीतरी विचारतो आहे. त्यांनी सरकून जागा दिली. हे बसले. त्यांनी पाव दिला, चीज दिलं, लाल पाणी दिलं. यांनी ते सरबत समजून दोन गिलास घेतलं आणि त्यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून भजन म्हटलं. पुढे मारीबाई येऊन पोचल्या तेव्हा ती वीस माणसं टाळ्यांवर ठेका धरत होती. "मले म्हणे, तुमी यायले ओळखता काय? म्या म्हटलं, ओळख कायची, यायचा भाव पडला असन."

कालव्याचं त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते म्हणजे त्यात पाणी होतं. आमचा अरुणावती धरणाचा कोरडा कालवा बाकावरच्या सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे हे वाक्य आलं की लोक श्वास रोखत. "पाहा, कॅनॉलमंदी पाणी. दोन्ही काठ भरून. अन् चोरून नेऊन कोणी नाई राह्यलं." त्यांनी पाण्याचेच इतके फोटो काढले होते की मारीबाई त्यात एकदाच दिसतात, तेही पाण्यात पडलेल्या सावलीत. राजेरजवाड्यांच्या गढ्याही त्यांनी पाहिल्या. त्यांचं मत असं की आपल्या गावोगावच्या गढ्या आणि त्यांच्या गढ्या यात फरक एवढाच, की तिकडे गढीला तिकीट आहे आणि इकडे बकऱ्या. मी मागून म्हणालो, आपल्या गढ्या मातीच्या आणि त्यांच्या दगडी आहेत. साडूभाऊ सगळ्यांना म्हणाले, "ऐका, साडूभाऊ बरोबर सांगून राह्यले." मला बरोबर ठरवायचा अधिकारही आता त्यांच्याकडे गेला होता.

फ्रान्सहून त्यांनी एक हेल्मेट आणलं होतं, सायकलचं. वर फटी असलेलं, अर्ध्या टरबुजासारखं. ते घालून ते बाजारात जात, बारशाला जात, एकदा तर मयतीलाही गेले आणि खांदा देताना काढायचं विसरले. माझ्या गिऱ्हाइकांना ते परस्पर सल्ले द्यायचे. मी स्वतः सायकलवर बसलो की मागून आवाज यायचा, "साडूभाऊ, तुमचं सीट दोन बोटं खाली हाय. फ्रान्समंदी गुडघा असा नाई वाकत." माझा गुडघा वाकायला फ्रान्सची परवानगी लागू लागली. घरी बायकोचं निराळंच. "पाहा, थे फ्रान्सले जाऊन आले, अन् तुमी बसस्टँडवर जाऊन येता तं झोपता."

परत आल्यावर त्यांना त्या रिकाम्या रस्त्याचं व्यसन लागलं. असा रस्ता इथे मिळायला एकच उपाय होता. तेव्हापासून तालुक्यात कोणाचाही रास्ता रोको असो, आदल्या दिवशी साडूभाऊंना निरोप जायचा. पक्ष कोणताही, पुढारी कोणताही, यांचा सगळ्यांना पाठिंबा. सकाळी हेल्मेट घालून ते नाक्यावर हजर. बसलेल्यांसाठी भाकरी आणि चटणीची चळत कॅरियरला बांधलेली. भाव विचारायचा, घटकाभर बसायचं, एक भजन म्हणायचं आणि मग मधल्या रिकाम्या रस्त्यावर एकटे निघून जायचं. आंदोलन मिटलं की लोक खूष व्हायचे आणि यांचा चेहरा उतरायचा. एका पुढाऱ्याने तर त्यांना विचारलं म्हणतात, "अजून दोन तास चालवू काय जी?"

मग एका हिवाळ्यात मारीबाईंचा फोन पुन्हा आला. येत्या उन्हाळ्यात पुन्हा या, आणि या वेळी सोबत कोणाला तरी घेऊन या. ही बातमी साडूभाऊंनी बाकावर सांगितली आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. सोबत कोणाला तरी. दिग्रसमध्ये सायकलीचं दुकान एक, साडू एक, ब्रेक नीट करणारा हात एक. मी वाट बघू लागलो. त्यांनी विचारलं नाही. बायको म्हणाली, "तुमीच विचारा ना. तोंड हाय ना तुमाले?" तोंड होतं, पण साडूकडे तोंड वेंगाडायचं म्हणजे काय, हे बायकांना कळत नाही. मागून मिळालेल्या फ्रान्सला काय चव? त्यांनी आपण होऊन म्हणावं, आणि मी जरा आढेवेढे घेऊन हो म्हणावं, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी मी पासपोर्टचे फोटोही काढून ठेवले होते. बायकोला सांगितलं, रेशनकार्डासाठी.

त्या हिवाळ्यात रास्ता रोको झाला तेव्हा मी दुकान बंद केलं आणि त्यांच्यासोबत निघालो. सोबत कशी असते ते त्यांना दाखवून द्यायचं होतं. नाक्यावर उतरलो, भाव विचारला, घटकाभर बसलो. मग तो रस्ता लागला. आता कबूल करायला हरकत नाही, मला तो फार आवडला. कडुनिंबांच्या सावल्या रस्त्यावर अख्ख्याच्या अख्ख्या पडल्या होत्या. ट्रकमधून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून होता. एक तितर आपल्या घरचं अंगण असल्यासारखं रस्ता ओलांडून गेलं. जन्मभर सायकली विकल्या, पण चाक फिरताना कसा बारीक आवाज येतो हे मला तिथे पहिल्यांदा ऐकू आलं. साडूभाऊ एक शब्द बोलत नव्हते. बाकावर कोणाला बोलू न देणारा हा माणूस रिकाम्या रस्त्यावर अगदी गप्प होता. मग मीच विषय काढला. म्हटलं, "तिकडे एकट्याला कंटाळा आला असेल नाही?"

"छे. एकट्याचीच मजा हाय जी," ते म्हणाले. "संगं कोणी असलं का रस्ता दिसत नाई."

परत येईपर्यंत मला कडुनिंब दिसले नाहीत आणि कापूसही दिसला नाही. ती रात्र मी कूस बदलत काढली. पुढे त्या उन्हाळ्यात मारीबाईंचे मिस्टर आजारी पडले, हातमागवाल्यांची ती मंडळी पांगली आणि फोन यायचे थांबले. साडूभाऊही गेले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते सोबत कोणाला नेणार होते, हे तर त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

याला आता खूप वर्षं झाली. दारव्ह्याचा रस्ता रुंद झाला, आणि त्यावरच्या गर्दीत सायकल घालायची माझी छाती होत नाही. साडूभाऊ निवृत्त झाले, आणि मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले. पण आठवणींचे दोर कुठेकुठे सुटले. जिनिंग आठवतं, मालक आठवत नाही. भजनं सगळी पाठ आहेत, नातवंडांची नावं नाहीत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. मेव्हणी पुरणपोळी करते आणि मी खातो, घरी सांगत नाही.

असाच एका रविवारी बसलो होतो. काही तरी बोलायचं म्हणून मी कालव्याचा विषय काढला. म्हटलं, आठवतं का, काठावर झाडांची कमान होती, वीसेक माणसं सतरंजी टाकून बसली होती. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "हौ ना. तुमी सांगतलं होतं. तुमी गेलते ना, साडूभाऊ, फ्रान्सले?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. दारात मेव्हणी उभी होती, तिने हळूच मान हलवली. "राहू द्या, भाऊजी," ती एवढंच म्हणाली. मग मी सांगत गेलो. मी सायकलवरून कसा उतरलो, हात कपाळाला कसा लावला, भाव कसा विचारला, सरबत समजून काय प्यालो. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, एकही शब्द चुकला नाही. भजनाशी आल्यावर त्यांनी ते स्वतःच म्हणायला घेतलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू ओसरल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखतो. कित्येक वर्षं टायर घासता घासता मी त्यांच्याकडे तसाच बघत आलो होतो.

"नशीब काढलं बाप्पा तुमी," ते म्हणाले. "आमाले कोण नेते?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर कान टवकारून बसलो होतो. ऐकलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. ज्याचा हेवा करायचा तोच माणूस जागेवर नसला तर त्या हेव्याचं करायचं काय? मी पाणी प्यालो.

त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली. मेव्हणीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला आणि अगदी सरळ, काही न लाजता विचारलं, "पुढल्या खेपेले जासान तं मले संगं घेऊन जासान काय?"

एवढंच तर मला त्या हिवाळ्यात विचारायचं होतं. मी म्हटलं, "तुमच्याशिवाय कसा जाणार? मला तिकडचा रस्ता कुठे माहीत आहे?"

त्यांनी समाधानाने मान डोलावली. मग स्वतःच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून म्हणाले, "स्वेटर घ्या लागन काय?"

"घ्या," मी म्हटलं. "सकाळी कालव्यावर थंडी असते."